प्रति: ऑनलाइन चाचणीला वेळ कशी लावायची?

गूगल फॉर्मवर २० मिनिटांचं घड्याळ कसं लावायचं, असं सरांनी वर विचारलंय. मुळात फॉर्ममध्ये घड्याळच नाही. ॲड-ऑन जोडून जुगाड होतो, पण त्यापेक्षा मूडल (ऑनलाइन वर्ग अन् चाचण्या चालवायची मोफत प्रणाली) बरं. आम्ही लातूरकडं तेच वापरतो.

आधी प्रश्नपेढी भरा. एका घटकाचे ४० प्रश्न टाकून प्रत्येकाला त्यातले कोणतेही १० येऊ द्या, पर्यायांचा क्रमही बदलता ठेवा. मग व्हॉट्सॲपवर "तिसऱ्याचं उत्तर ब" कितीही फिरू द्या! आकडेमोडीच्या प्रश्नाला टॉलरन्स (उत्तरात किती फरक चालेल ती मुभा) द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर ९.८ बरोबर अन् ९.८१ चूक. (पोरांची बोलणी खाऊन शिकलोय.)

आपल्याकडं खरी अडचण लाइटची. ती गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो. मूडल उत्तरं अधूनमधून आपोआप जतन करतं, पण घड्याळ काही थांबत नाही. म्हणून वेळ संपताच चाचणी आपोआप जमा होईल हा पर्याय निवडा. अडकलेल्या पोराला 'यूजर ओव्हरराइड'मधून एकट्यालाच जादा वेळ किंवा आणखी एक प्रयत्न देता येतो. सगळ्या वर्गाची फेरपरीक्षा कशाला?