कागदी लिंबावरील खैऱ्या आणि नागअळी : मदत हवी आहे

घरामागे जमिनीत लावलेल्या सहा वर्षांच्या कागदी लिंबाच्या फळांवर व पानांवर पावसाळा सुरू झाल्यापासून खडबडीत तपकिरी खपल्या आल्या असून पानांवरील डागांभोवती पिवळी कडा दिसते, त्यामुळे हा खैऱ्या (लिंबावरील जिवाणूजन्य रोग) असावा असे वाटते. कोवळ्या पालवीवर नागअळीच्या (पान आतून पोखरणाऱ्या अळीच्या) चंदेरी रेघाही आहेत. रोगट फांद्या छाटून जाळल्या. 10 लिटर पाण्यात मोरचूद व चुना प्रत्येकी 100 ग्रॅम घेऊन केलेले बोर्डो मिश्रण दोनदा फवारले, परंतु दोन्ही वेळा तासाभरातच पाऊस आला. निंबोळी अर्काने नागअळी थोडी हटली. झाडाशेजारीच विहीर असल्याने आंतरप्रवाही (झाडाच्या आत शोषले जाणारे) कीटकनाशक नको आहे. उघडीप जेमतेम दोन दिवसांची मिळत असताना बोर्डोची पुढील फवारणी लगेच करावी की नवी पालवी फुटेपर्यंत थांबावे, आणि त्यानंतर निंबोळी अर्क किती दिवसांनी फवारावा?