पेनड्राइव्ह रिकामा, तरी ‘जागा शिल्लक नाही’: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी काका (ए-१०२): मंडळी, पार्किंगमध्ये गाडीला ओरखडा पडला त्याचं सीसीटीव्ही फुटेज आज पोलीस चौकीत द्यायचंय. ऑफिसच्या ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमधलं जुनं सगळं डिलीट केलं. उघडला तर आत एकही फाइल नाही, तरी कॉपी करताना ‘पुरेशी जागा नाही’ म्हणतोय. शिल्लक जेमतेम २ जीबी दाखवतोय. कोणाला कळतंय का?

बी-४०१: काका, खराब झाला असेल. सरळ नवीन घ्या.

ए-३०४: विंडोज होतं तेव्हा असं कधी झालं नव्हतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकल्यापासूनच हे सुरू झालंय.

बी-२०३: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपलं जुनं मशीन ११ च्या अटींत बसत नव्हतं, म्हणून लिनक्स मिंट टाकलं ना. मीटिंगमध्ये सगळ्यांनी होकार दिला होता. काका, फॉरमॅट मारून बघा, एका मिनिटाचं काम आहे.

सी-३०३: काका, थांबा! फॉरमॅट नको आणि नवीनही नको. पेनड्राइव्ह उघडा आणि कंट्रोल-एच दाबा. नावाच्या आधी टिंब असलेलं फोल्डर दिसतंय का?

सेक्रेटरी काका (ए-१०२): हो, आलं! ‘.ट्रॅश-१०००’. आत ‘फाइल्स’ आणि ‘इन्फो’ अशी दोन फोल्डर आहेत. पहिल्यात मागचं सगळं फुटेज तसंच्या तसं पडलंय.

सी-३०३: हीच तुमची हरवलेली जागा. ए-३०४ काकू म्हणतात ते बरोबर आहे. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती रिसायकल बिनमध्ये न जाता थेट पुसली जाते. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये मात्र ती त्याच पेनड्राइव्हवरच्या लपलेल्या कचरापेटीत जाऊन बसते. डोळ्यांना दिसत नाही, पण जागा तेवढीच खाते. १००० हा त्या कॉम्प्युटरवरच्या पहिल्या युजरचा नंबर, आणि ‘इन्फो’मध्ये कुठली फाइल मूळ कुठे होती नि कधी डिलीट झाली ते लिहिलेलं असतं. म्हणून म्हटलं फॉरमॅट नको. आधी बघून घ्या, त्यातलं एखादं जुनं फुटेज कोणाला लागणार आहे का. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुन्यावरच नवीन रेकॉर्डिंग करत जातो, तिथे ते आता असेलच असं नाही.

ए-२०१: ताई, मागे पाण्याच्या टाकीवरून वाद झाला होता ना, त्या दिवशीचं असेल तर ठेवा प्लीज.

सेक्रेटरी काका (ए-१०२): आहे. ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवलं. आता?

सी-३०३: आता पेनड्राइव्ह लावलेला असतानाच कचरापेटीवर राइट क्लिक करून ती रिकामी करा. पेनड्राइव्ह काढून कचरापेटी रिकामी केली तर त्याच्यावरचा कचरा तसाच राहतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचं डिलीट केलेलंही याच वेळी जाईल, तेवढं नजरेखालून घाला. पुढच्या वेळी जे नक्की नकोय ते शिफ्ट-डिलीट करा, पण शांतपणे, कारण ते कचरापेटीतून परत आणता येत नाही.

सेक्रेटरी काका (ए-१०२): झालं, जागा मोकळी झाली. पण ३२ चा असून टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘डीएफ -एच’ केलं तर ३० का दाखवतोय? अजून काही लपलंय?

सी-३०३: नाही काका, ते ठीक आहे. कंपनी ३२ जीबी म्हणजे ३२ अब्ज बाइट मोजते. ‘डीएफ -एच’ (df -h) ही कमांड १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून २९.८ येतात आणि ती ते पूर्णांकात ३० दाखवते. ही कमांड मोठा एच (df -H) लावून दिलीत की १००० च्या पटीत मोजते. त्यापेक्षा थोडं कमी दिसलं तरी काळजी नको. फाइल सिस्टिम, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, स्वतःच्या नोंदींसाठीही थोडी जागा घेते.

बी-२०३: मग माझ्या ६४ जीबीचं काय? मिंट टाकायला माझाच पेनड्राइव्ह दिला होता. आता तीनच जीबी दाखवतोय. मी तर तो गेला असंच धरून चाललो होतो.

सी-३०३: दादा, तोही शाबूत आहे. इन्स्टॉलरची आयएसओ (अख्खा इन्स्टॉलर असलेली एकच फाइल) जशीच्या तशी लिहिली की तिच्यासोबत तिची पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, मांडणीही पेनड्राइव्हवर येते. ती मांडणी फक्त आयएसओपुरती असते, उरलेली जागा कुठल्याच पार्टिशनमध्ये धरलेली नसते. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ (lsblk) करा. वरच्या ओळीत अख्खी डिस्क ५७ ते ५९ ची दिसेल आणि तिच्याखाली छोटी पार्टिशन्स. वरचा आकडा पूर्ण असेल तर जागा कुठे गेलेली नाही. मग ‘डिस्क्स’ ॲपमध्ये डावीकडे पेनड्राइव्ह निवडा आणि वरच्या मेनूतून पूर्ण डिस्क फॉरमॅट करून नवं पार्टिशन बनवा. नुसतं पार्टिशन फॉरमॅट केलंत तर ते तेवढंच राहतं. आणि कृपा करून, डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचल्याशिवाय बटण दाबू नका. शेजारच्याच ओळीत कॉम्प्युटरची मुख्य डिस्क असते.

बी-४०१: ताई, मी ऑनलाइन २ टीबीचा पेनड्राइव्ह घेतला होता, खूप स्वस्तात. सुरुवातीचे फोटो नीट उघडतात, नंतरचे उघडतच नाहीत. तेही असंच काही?

सी-३०३: हे वेगळं आहे, आणि काळजीचं. नकली पेनड्राइव्हमधला कंट्रोलरच (चिप चालवणारा भाग) खोटी क्षमता सांगतो. खरी चिप भरली की पुढचा डेटा नुसता वाया जातो किंवा आधीच्याच डेटावर लिहिला जातो, आणि कॉपी मात्र पूर्ण झालेली दिसते. आतलं जे उघडतंय ते आत्ताच दुसरीकडे काढून घ्या. मग लिनक्सवर ‘एफ-३’ (F3) नावाचं टूल चालवा. ते पेनड्राइव्ह खुणेच्या फाइलींनी भरतं, पुन्हा वाचतं आणि खरी जागा किती ते दाखवतं. वेळ खूप लागतो, रात्री लावून ठेवा. नकली निघाला तर तो निकाल जोडून पैसे परत मागा. त्यावर घरचे फोटो अजिबात ठेवू नका.

सेक्रेटरी काका (ए-१०२): ताई, एक फाइल अजून अडलीय. ५ जीबीची आहे. जागा भरपूर आहे, तरी फाइल खूप मोठी आहे म्हणतोय.

सी-३०३: पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये असणार. त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच बसते. एक्सफॅट केलं तर अडचण जाईल आणि विंडोजवरही चालेल, पण त्यासाठी आतलं सगळं बाहेर काढून फॉरमॅट करावं लागेल. आज घाईत ते नको. डीव्हीआरमधूनच वेळ विभागून दोन क्लिप काढा.

सेक्रेटरी काका (ए-१०२): दोन क्लिप केल्या, दोन्ही गेल्या. काढू का?

सी-३०३: आधी इजेक्ट दाबा आणि काढायला हरकत नाही असा मेसेज येईपर्यंत थांबा. कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी मागे लिहिणं चालू असू शकतं. मग पुन्हा लावून दोन्ही क्लिप शेवटपर्यंत पळवून बघा.

सेक्रेटरी काका (ए-१०२): दोन्ही चालल्या. गाडीचा नंबरही वाचता येतोय. निघतो चौकीला. बी-४०१, फॉर्मवर सही राहिलीय तुमची, खाली या.