ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात स्विफ्टला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल घालावं का?

लष्करकर
नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे. घरी पेट्रोल स्विफ्ट आहे, सर्व्हिसिंग जवळ आलंय. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ऑइल, फिल्टरसकट ३.१ लिटर असं दिलंय. पण आमचा मेकॅनिक म्हणतो, मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, त्या पातळ ऑइलचं पाणी होईल, २०डब्ल्यू-५० घाला. शिवाय मागच्या खेपेला त्याने साडेतीन लिटरचा अख्खा डबा ओतला. ऑइल मोजायच्या पट्टीवर ते वरच्या खुणेच्या बोटभर वर दिसतं. तो म्हणतो, जास्त असलेलं बरं. जूनमध्ये आईबाबांना घेऊन इंदूरला जायचंय, पाचशे किलोमीटरचा रस्ता. कुणी नीट सांगेल का?

रामबागचे काका, इंदूर
ग्रेडचं नंतर बघू, आधी ते जास्तीचं ऑइल. लहान गाड्यांत पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण पाऊण ते एक लिटरचाच फरक असतो, आणि तुमच्याकडे चारशे मिली जादा पडलंय. पातळी अशी चढली की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरताना ऑइलला लागू शकतो, आणि ताक घुसळावं तसा फेस होतो. मग पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो, बेअरिंगला दाब पुरत नाही. इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून ऑइल हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये जातं, जळतं, आणि पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. असं चालवून एवढा प्रवास करू नका.

आता ग्रेड. पीथमपूरला इंजिनांच्या कामात आयुष्य काढलंय, म्हणून कळकळीने सांगतो. बाहेर ४५ असो की २५, इंजिन तापलं की थर्मोस्टॅट पाणी नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो. ऑइलच्या मागचा आकडा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा असतो. तो गावचा उन्हाळा बघून नाही, बेअरिंगमधली फट बघून ठरतो. तुमच्या इंजिनात त्या फटी बारीक आहेत, व्हॉल्व्हचं टायमिंगही ऑइलच्या दाबावर बदलतं. घट्ट ऑइल घातलं की पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही मार खातात.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ग्वाल्हेरला जानेवारीत पहाटे पारा चार-पाचवर उतरतो. तेव्हा २०डब्ल्यू वरपर्यंत चढायला वेळ लावतं, आणि इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती गार इंजिन स्टार्ट करताना. २०डब्ल्यू-५० वाईट नाही हो, अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात तेच चालायचं. मेकॅनिकचा हात तिथे बसलाय.

मांजलपूरकर, बडोदा
काकांशी सहमत. डब्यावर एपीआय एसएन किंवा एसपी ही ऑइलच्या दर्जाची खूण बघा. एसपी २०२० साली आलं, जुन्या पेट्रोल गाड्यांनाही चालतं. आमच्याकडे बीएस-६ डिझेल आहे, तिला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असल्यामुळे कमी राखेचं सी-३ दर्जाचं ऑइल लागतं, नाहीतर तो चोंदतो. तुम्हाला ही भानगड नाही. फक्त डब्याचं सील तुमच्यासमोर उघडायला लावा.

लष्करकर
काका, फार मोलाचं सांगितलंत. मग आता नेमकं कसं करून घेऊ?

रामबागचे काका, इंदूर
सर्व्हिसिंग आलंच आहे, तर सगळंच काढून टाका. गाडी थोडी फिरवून आणा, कोमट ऑइल लवकर उतरतं. चेंबरच्या नटाचा वॉशर नवा, फिल्टरही नवा. तिथे उभं राहून आधी २.८ लिटरच ओतायला सांगा. इंजिन मिनिटभर चालवा म्हणजे फिल्टर भरेल, मग बंद करून पाच मिनिटं थांबा. गाडी सपाट जागी हवी, रॅम्पवर तिरकी असेल तर पट्टी खोटं सांगते. पट्टी पुसून पुन्हा बुडवा, आणि थोडं थोडं घालत वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. मेकॅनिकने घाई केली तरी तुम्ही करू नका. उरलेलं ऑइल झाकण घट्ट लावून डिकीत ठेवा. इंदूरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, एकदा पट्टी बघा. पातळी खाली गेली असेल तरच त्यातलं घाला.