मदत हवी आहे: डाऊनच्या रजईचे कप्पे कसे शिवावेत?

नमस्कार मंडळी,

हिवाळ्यातल्या केदारकंठा ट्रेकसाठी मी घरच्या मशीनवर डाऊनची (बदक-हंसांच्या मऊ, बारीक पिसांची) रजई शिवायला घेतली आहे. लांबी २०० सेंमी, रुंदी १३५ सेंमी आणि फुगवटा ५ सेंमी धरल्यास ८०० फिल पॉवरचे (फिल पॉवर म्हणजे डाऊनची फुगण्याची क्षमता) डाऊन सुमारे २९० ग्रॅम लागते. कप्पे सैल राहू नयेत म्हणून थोडे जास्तच आणले आहे. दोन्ही कापडे थेट एकमेकांना शिवली, तर प्रत्येक टिपेपाशी जाडी जवळजवळ शून्यावर येते आणि नेमकी तिथूनच थंडी आत शिरते, म्हणून मध्ये मच्छरदाणीच्या जाळीच्या उभ्या पट्ट्या घालण्याचे मी ठरवले आहे.

अडचण कापडाची आहे. हे पातळ नायलॉन इतके निसरडे आहे की पट्टी जोडताना खालचा थर पुढे सरकून कडेला चुण्या पडतात, आणि टाचण्या लावाव्यात तर त्यांची भोके कायमची राहून त्यांतून पिसे बाहेर डोकावतील अशी भीती वाटते.

अशा वेळी चिमटे पुरतात का, की आधी हाताने कच्चा धावदोरा घालावा? मशीनला ६० नंबरची सुई लावावी की ७० नंबरची? शिवाय डाऊन घरभर न उडवता प्रत्येक कप्प्यात वजनानुसार भरण्याची आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.