पोकर: फ्लश ड्रॉवर (एकाच चिन्हाचे पाच पत्ते व्हायला एक कमी असताना) रेझ (वाढवलेली पैज) आला, तर कॉल (तेवढीच रक्कम भरणं) करायचा की ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं)?

इस्पिकदश्शी: कालपासून हा डाव डोक्यातून जात नाहीये. सक्तीच्या पैजा: ब्लाइंड 500/1000, अँटी पूर्ण टेबलाची मिळून 1000. मी बटणावर (फ्लॉपपासून शेवटी बोलणारी जागा), 22,000 चिप्स, हातात इस्पिकची दश्शी-नव्वी. 2,000 केले, फक्त बिग ब्लाइंड (1000 ची सक्तीची पैज भरणारा) आला. फ्लॉपवर (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) इस्पिकचा राजा, इस्पिकची छक्की, चौकटची दुर्री. त्याने चेक केलं (पैज लावली नाही), मी 2,000 लावले, त्याने 5,000 केले. मी कॉल केला. टर्नला (चौथा पत्ता) किलवरची तिर्री आली आणि तो ऑल-इन गेला. चिप्स त्याच्याकडेच जास्त. मी पत्ते टाकले. 15,000 उरले. चुकलं कुठे?

बटणवाला: टर्नला पत्ते टाकलेत ते बरोबरच. 15,000 भरून 45,500 च्या पॉटसाठी (मधे जमलेल्या सगळ्या चिप्ससाठी) 33 टक्के शक्यता हवी, एका पत्त्यावर तुमची जेमतेम 20. चुकलं ते फ्लॉपवर. त्याच्या रेझनंतर पॉटमध्ये 12,500 होते, तुमच्यापुढे 18,000. तेव्हाच सगळे सारायचे. त्याने कॉल दिला तरी दोन पत्ते बघायला मिळतात. राजाच्या जोडीसमोर साधारण 35 टक्के. म्हणजे कॉल झाला तर सरासरी दोनेक हजारांचा तोटा, तो पळाला तर 12,500 तुमचे. सातातून एकदा पळाला तरी बरोबरी होते! पत्ते फुसके असते तर दहातून सहा वेळा पळायला हवा होता. हा फरक त्या नऊ इस्पिकांचा. मीही बरेच महिने असेच कॉल करत स्टॅक (आपल्या चिप्सचा ढीग) झिजवलाय, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

शांतडाव: हिशेब पटला, पण त्याच्याकडे छक्क्यांचा सेट (तीन छक्क्या) असेल तर 35 चे 25 होतात, आणि सेटवाला पळत नाही. शिवाय टूर्नामेंट कुठल्या टप्प्यात होती?

इस्पिकदश्शी: बबलवर. आणखी दोघं गेले की बक्षिसं सुरू. तीन जण माझ्याहून लहान स्टॅकवर होते.

बटणवाला: अहो, हे आधी सांगायचं! मग माझं उत्तर बदलतं. तिथे गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग पडते, आणि तो तुम्हाला बाहेर काढू शकत होता. अशा वेळी मी फ्लॉपवर 2,000 लावलेच नसते. मागून चेक करून टर्न फुकटात बघितला असता.

इस्पिकदश्शी: फुकटचा टर्न सुचलाच नव्हता. ड्रॉ दिसला की हात आपोआप चिप्सकडे जातो.