मोठं स्वप्न बघावं की झेपेल तेवढंच ठरवावं?

शिरोलीची_क्वालिटीवाली

नमस्कार. वय 28, मेकॅनिकल डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे. फौंड्रीतनं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, मशीनवर चढतं, उतरलं की माझ्या टेबलावर. बोअर गेज, हाइट गेज ही मापाची साधनं, ड्रॉइंग आणि रिपोर्ट यात दिवस जातो. काम मला मनापासून आवडतं.

मागच्या महिन्यात कंपनीनं एक प्रशिक्षक बोलावले होते. त्यांनी सगळ्यांना कागद दिले आणि पाच वर्षांनी कुठं असाल ते लिहायला सांगितलं. शेजारच्यांनी घर, चारचाकी असं लिहिलं. मी लिहिलं: स्वतःचं मशीन शॉप, दोन व्हीएमसी (धातू कापणारी संगणकी मशीन) आणि मशीनवर निम्म्या तरी मुली. हे त्याआधी मी कुणाला बोललेसुद्धा नव्हते. सर म्हणाले, येल विद्यापीठात 1953 च्या बॅचमधल्या ज्या 3 टक्के मुलांनी ध्येय लिहून ठेवलं होतं, त्यांनी पुढं बाकीच्या 97 टक्क्यांपेक्षा जास्त कमावलं.

घरी बाबांना कागद दाखवला. त्यांनी नीट वाचला आणि म्हणाले, अंथरूण बघून पाय पसरावेत. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. ते ज्या गिरणीत होते ती बंद पडल्यावर आमचं घर कसं चाललं ते मी बघितलंय. आईला वेगळीच घाई, तिला यंदा माझं लग्न उरकायचंय.

तर विचारायचं हे की, एवढं मोठं धरावं का? की आधी सीनियर, मग इंचार्ज, असं एकेक ठरवत जावं? आणि लग्न, घर हे सगळं याच पाच वर्षांत कसं बसवायचं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

राजारामपुरी_मास्तर

मी मानसशास्त्र शिकवतो. आधी ते येलचं. असा अभ्यास झालेलाच नाही, येलच्या ग्रंथालयानं स्वतः तसं सांगितलेलं आहे. प्रशिक्षकांच्या तोंडी मात्र तो वर्षानुवर्षं फिरतोय.

ध्येयावरचं खरं संशोधन आहे ते एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांचं. 1975 साली छापलेला लॅथम यांचा एक प्रयोग लाकूड वाहणाऱ्या ट्रकवाल्यांवर होता. कायद्यानं जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण 60 टक्केच ते भरायचे. ‘होईल तेवढं भरा’ यानं काही हललं नव्हतं. 94 टक्के असा आकडा दिला आणि काही महिन्यांत भरणा 90 च्या घरात गेला. पगार तोच, ट्रक तेच. म्हणजे अवघड आणि नेमकं ध्येय ‘जमेल तेवढं’ यापेक्षा जास्त काम करून घेतं, हे बऱ्यापैकी पक्कं आहे.

पण त्या लोकांना ट्रक भरता येत होता. काम नवीन आणि गुंतागुंतीचं असेल तर आकड्याचं ध्येय माणसाला गोंधळवतं, असं लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाच पुढं दिसलं. तिथं ‘काय काय शिकणार’ असं ध्येय जास्त उपयोगी पडतं. तुम्हाला माप घेता येतं. धंदा चालवता येतो का, हे तुम्हीच ठरवा.

उद्यमनगरची_काकी

बाळ, मी आणि माझी जाऊ शिवाजी उद्यमनगरात टर्निंगचं, म्हणजे लेथवरच्या कामाचं, शॉप चालवतो. सासरे ऑइल इंजिनचे पार्ट करायचे, आता आमच्याकडं गाड्यांच्या पार्टचं जॉबवर्क आहे, म्हणजे माल दुसऱ्याचा, मजुरी आमची. म्हणून थोडं लांबडं लिहिते, वाच.

दोन व्हीएमसी हे अजिबात मोठं नाही. खोडू नको. पण मास्तर म्हणतात ते बरोबर आहे, पहिली दोन वर्षं मशीन विकत घ्यायचं ध्येय नको, शिकायचं ठेव. मी सांगते काय काय.

एक म्हणजे ताशी दर. मशीन एक तास चाललं तर खर्च किती, हे कागदावर काढता आलं पाहिजे. कर्जाचा हप्ता, लाइट बिल, ऑपरेटरचा पगार, इन्सर्ट (कापायची बदलती पाती), कूलंट, जागेचं भाडं, आणि मशीन बंद असतं ते तास. हे शेवटचं लोक धरत नाहीत आणि तिथंच बुडतात. तुझ्या कंपनीत कोटेशन काढणारं कुणीतरी असेल. त्याच्याशेजारी बस, चहा पाज, पण शिक.

मग रिजेक्शन कुणाच्या डोक्यावर. कास्टिंग पार्टीचं, म्हणजे काम देणाऱ्याचं, असतं. शेवटच्या ऑपरेशनला आत ब्लो होल (ओतताना हवेनं राहिलेली पोकळी) निघालं की मशीनिंगचे पैसे कोण देणार? ऑर्डर घेतानाच हे लिहून घेतलं नाही तर डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद, आपल्याच नावानं येते. इथं तू आमच्यापेक्षा पुढं आहेस. कुठला दोष फौंड्रीचा आणि कुठला मशीनिंगचा हे तुला टेबलावर बघून कळतं. आम्हाला ते कळायला लई वर्षं लागली.

आणि पैसे कधी येतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, पहिल्या दिवशी कर. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानं लहान पुरवठादाराला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. प्रत्यक्षात तीन-तीन महिने वाट बघाय लागते, म्हणून तेवढे दिवस पगार निघतील इतकं भांडवल हाताशी पाहिजे. मशीन कर्जानं येतं, हे भांडवल साठवावं लागतं. बाबांची भीती आहे ती ह्याचीच. त्यांना स्वप्न सांगू नको, हा हिशोब दाखव.

जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेची चौकशी कर. बाईच्या नावावर नवीन युनिट असेल तर स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात, अनुदान शहरात 25 आणि गावाकडं 35 टक्के. उत्पादनाला 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सेवेला 20 लाखांपर्यंत. जॉबवर्क कशात धरतात ते तिथंच विचार. अनुदान लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून असतं, त्या हिशोबानं चाल.

आता खाशाबा जाधवांचं सांगते, कारण आपल्या कोल्हापुरात हे सगळ्यांना पाठ असून पुरतं कुणी बघत नाही. 1948 ला लंडन ऑलिंपिकात कुस्तीत ते सहावे आले. मातीतला गडी, मॅटवरच्या कुस्तीचे नियम तिथं जाऊन कळले. पुढची चार वर्षं त्यांनी ते शिकण्यात घातली आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं. आणि तिथं जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले. खाशाबांनी मनातल्या मनात ठेवलं असतं तर घर कुणी गहाण टाकलं असतं? म्हणून सांगते, बोल. कंपनीत मशीन लावून देणाऱ्या सेटरला बोल, इन्सर्ट विकायला येणाऱ्याला बोल, जुनं मशीन कुठं निघणार आहे ते त्यालाच आधी कळतं.

लग्नाचं एवढंच, मुलाकडच्यांना पहिल्या भेटीतच सांग की मला शॉप टाकायचंय. ज्यांना ते ऐकून पोटात गोळा येतो ते घर तुझं नव्हे. माझ्या जावेनं असंच सांगितलं होतं, म्हणून ती आज माझी भागीदार आहे.

राधानगरीचा_दत्ता

काकींचं सगळं पटलं. माझा आक्षेप फक्त ‘पाच वर्षं’ ह्याला. राधानगरी धरण शाहू महाराजांनी हाती घेतलं. पैशाअभावी काम थांबलं, 1922 ला महाराज गेले, धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. आमच्या शेताला आज पाणी आहे ते त्या धरणाचं. पाच वर्षांत बसेल तेवढंच बघायचं ठरवलं असतं तर एखादा तलाव झाला असता.

आणि नोकरी सोडायची घाई करू नका. आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2015 पासून रेल्वेत नोकरीला, तिकीट तपासनीस. तो पगार होता म्हणून रायफल हातात राहिली. 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकात 50 मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीत कांस्य. मधली नऊ वर्षं कुणी विचारत नव्हतं.

शिरोलीची_क्वालिटीवाली

सगळ्यांचे आभार. कागदावरचं ‘पाच वर्षं’ खोडलं, दोन व्हीएमसी तशाच ठेवल्या. खाली शिकायची यादी केली, पहिली ओळ ताशी दर. आमच्या कॉस्टिंगच्या दादांना विचारलं, ते शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास बसवून घेतो म्हणालेत. बाबांना ब्लो होलचं सांगितलं तर त्यांनी गिरणीत खराब सुताचे पैसे कुणाकडून कापायचे ते सांगितलं, तासभर बोलत होतो.

काकी, एक विचारायचंय. ताशी दर काढताना माझा स्वतःचा पगार धरायचा का? सुरुवातीला मीच इन्स्पेक्शन करणार, तर तो खर्च वाचेल असं वाटतंय.

उद्यमनगरची_काकी

धरायचा, पहिल्या दिवसापासून. तू फुकट राबून दर कमी लावलास की पार्टीला तोच दर कायमचा लागतो. मग टेबलावर दुसरी मुलगी बसवायची म्हटलीस तर तिचा पगार कुठनं काढणार? आत्ता कंपनीत जेवढा मिळतो तेवढा धर आणि आकडेमोड करून इथंच टाक, मी आणि जाऊ तपासून देतो.