जुळ्यातलं एक कोकरू मेंढी जवळच घेत नाही, काय करू?

परतलेला:
अकरा वर्षं ऑफिसात काढून मागच्या महिन्यात घरी आलो. वडिलांचा गुडघा कामातून गेलाय, म्हणून बेचाळीस मेंढ्या माझ्या गळ्यात, आणि नेमका विण्याचा हंगाम. लहानपणी सगळं पाहिलंय, पण माझं काम कंदील धरायचं होतं, हात घालायचं नाही.
रात्री तीनला एक पहिलारू मेंढी जुळं व्याली. पहिल्याला चाटून कोरडं केलं. दुसरं आलं तेव्हा ती पहिल्यातच गुंतलेली. आता ते कासेशी गेलं की हुंगते आणि ढुशी मारून लोटते. सकाळचे नऊ वाजलेत. पोट खपाटीला, पाठीची कमान करून उभं आहे. वडील खाटेवरून ओरडले, "तोंडात बोट घाल." घातलं, तर थंडगार. पुढचं सांगेपर्यंत त्यांचा डोळा लागला. बायकोला पाचवा महिना आहे, तरी बिचारी बाटली घेऊन कोकरापाशी बसलीय.

सत्तर मेंढ्यांची मालकीण:
बाटली खाली ठेवा आधी! थर्मामीटर गुदद्वारात लावून बघा. धडधाकट कोकराचं ३९ ते ४० अंश सेल्सिअस भरतं. ३७ च्या खाली असेल तर त्याला धड गिळता येत नाही, चीक फुफ्फुसात जातो. आणि सहा तास उपाशी आहे म्हणजे अंगातली साखर संपलीय. नुसती ऊब दिलीत तर झटके येऊन जाईल. आधी ग्लुकोजचं इंजेक्शन, मग ऊब, मग चीक. इंजेक्शन पोटात द्यायचं असतं, ते डॉक्टरांनाच देऊ दे.
शुद्धीवर आलं की एका वेळी किलोमागे ५० मिली चीक, चोवीस तासांत किलोमागे २०० पर्यंत. उद्यावर ढकलू नका. रोगाशी लढायची ताकद त्याला चिकातूनच मिळते, आणि दिवसभरानंतर आतडी ती घेत नाहीत.

जुना खोंड:
मेंढीला शिव्या देण्याआधी कास चाचपा. एखादा सड दुखरा, कडक असेल तर ती ढुशीच मारणार. दोन्ही सडांतून पहिली धार काढा, तोंडाशी मेणासारखा बूच असतो. वार (व्यायल्यावर पडणारी नाळेची पिशवी) नुकतीच पडली असेल तर ती दुसऱ्याच्या अंगाला चोळा. मेंढी डोळ्यांपेक्षा नाकाने पोर ओळखते. तिघांना अडचणीच्या जागेत कोंडा, पाजताना तिचं डोकं बांधा.

जनावरांची डॉक्टर:
कोकराचं वर आलंय. मी शेवटच्या वाक्यासाठी लिहितेय. वहिनींना तिथून आत्ता उठवा. वार, गर्भजल, नुकतंच जन्मलेलं कोकरू, यांतून टॉक्सोप्लाझ्मा आणि क्लॅमिडिया या जंतूंची लागण होऊ शकते, गर्भ पडू शकतो. मेंढी वरून ठणठणीत दिसली तरी. तुमचे माखलेले कपडेही त्यांच्याकडे धुवायला देऊ नका. त्यांच्या डॉक्टरांना आजच सांगा.

परतलेला:
बायकोला उठवलं, तिच्या डॉक्टरांना फोन केला. ती चिडलीय, म्हणते आधी का नाही सांगितलंस. मलाच कुठे ठाऊक होतं. कपडे मी धुतोय.
कोकरू ३६.४ भरलं. डॉक्टर येऊन ग्लुकोज देऊन गेले. दोन तासांनी मान उचलली. डावा सड खरंच बंद होता! मेंढी अजून लोटतेच, पण डोकं बांधलं की ते ओढतं आणि शेपूट हलवतं.
वडील जागे झाले. पहिला प्रश्न, नाळेला आयोडीन लावलं का. नाही लावलं. आलोच.